ओवीतली मोटार आणि गटारापर्यंत न पोचलेलं यंत्र

गेल्या महिन्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. दगडी जात्याचा फोटो, शेजारी नऊवारीतली हसरी बाई, आणि खाली सात-आठ ओळींचं रडगाणं. जातं गेलं तशी ओवी गेली, यंत्र आलं आणि माणूस आटला, गाण्यातला जिव्हाळा विजेच्या गिरणीत दळला गेला, वगैरे. ग्रुप आपलाच. जयंतीची वर्गणी, रक्तदान शिबिर, धम्मसहल, नोकरीच्या जाहिराती हे सगळं जिथे येतं तो. आणि त्या पोस्टखाली हात जोडलेले इमोजी, 'अगदी खरं', 'ते दिवस गेले'. एका दादांनी तर लिहिलं, तंत्रज्ञानाने आपली गाणी मारली.

दादांचा मान ठेवून सांगते, हे खरं नाही. सवर्णांच्या आठवणी आपण उसन्या घेतो आणि मग त्या आपल्याच आहेत असं वाटायला लागतं, त्यातलाच हा प्रकार. मी माझ्या आवडीच्या गाण्यांची यादी काढायला बसले तर त्यातली निम्मी गाणी यंत्राने सुचवलेली निघतील. कुणाला आगगाडीने सुचवलं, कुणाला मोटारीने, कुणाला टेलिफोनने. आणि यंत्राचं सगळ्यात मोकळं स्वागत कुणी केलं असेल तर ते जात्यावर बसलेल्या बाईनेच.

आधी जात्याचं बघू. माझी आजी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पहाटे तीनला उठून ज्वारी दळायची, मग पाणी, मग भाकरी, मग दुसऱ्याच्या रानात रोजंदारी. गरोदरपणातही दळण सुटलं नाही. तिच्या खांद्याचं दुखणं शेवटपर्यंत गेलं नाही. ती ओव्या म्हणायची, गोड म्हणायची. पण गावात इंजिनाची गिरणी आली तेव्हा ती रडली नव्हती. तिच्या तोंडून मी ऐकलेलं वाक्य असं, 'गिरणी आली अन् माझा हात सुटला.' ओवी ही जात्याची देणगी होती असं ज्यांना वाटतं त्यांनी जात्याच्या खुंट्याला कधी हात लावलेला नसतो. ओवी ही त्या बाईच्या डोक्यातून आली, जात्याने तिला फक्त वेदना आणि एकांत दिला. तुरुंगात पुस्तकं लिहिली गेली म्हणून कुणी तुरुंग बंद झाल्याचं दुःख करत नाही.

आता ओवीत काय आहे ते बघा. पुण्यातले हेमा राईरकर आणि गी पॉइटवें या दोघांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखापेक्षा जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. ही ओवी वाचली तर कशी, तर यंत्राने. आधी टेपरेकॉर्डरने, नंतर संगणकाने. नाहीतर ती बायांबरोबर मसणात गेली असती. (ज्यांनी यंत्राला शिव्या देणारी पोस्ट मोबाईलवर टाईप करून शंभर जणांना पाठवली त्यांना हे सांगायला नको.)

या संग्रहात बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी गायलेल्या ओव्या ज्यांनी ऐकल्या नसतील त्यांनी जरूर ऐकाव्यात. मी त्या ओव्या समाजशास्त्राच्या एम.ए.ला असताना पहिल्यांदा कानाला हेडफोन लावून ऐकल्या. भीमराव येतो तो मोटारीतून, आगगाडीतून, विमानातून. त्याच्या हातात पेन, डोळ्याला चष्मा, अंगात कोट. आमच्या अभ्यासक्रमात याला 'प्रतिमासृष्टी' म्हणायचे. मला हा शब्द फार गुळगुळीत वाटतो. मोटार ही त्या बाईसाठी शोभेची वस्तू नव्हती, तो निकाल होता. कशाचा निकाल, ते कळायला बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या दोन प्रवासांकडे जावं लागतं.

पहिला प्रवास १९०१ चा. बाबासाहेब नऊ वर्षांचे. साताऱ्याहून भावंडांसोबत वडिलांकडे गोरेगावला निघालेले. नवे कपडे, डोक्यावर टोप्या. आगगाडीत बसले, तिकीट काढलं होतं, गाडीने त्यांना मसूर स्टेशनवर आणून सोडलं. तिथपर्यंत कुणी काही विचारलं नाही. स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तरने जात विचारली, आणि महार म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान घ्यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, अशा बोलीवर एक जण तयार झाला. वाटेत पाणी मिळालं नाही, ते वेगळंच.

दुसरा प्रवास १९२९ चा. आता ते बॅरिस्टर आहेत, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य आहेत. चाळीसगावला उतरले. तिथल्या महार बांधवांनी त्यांना वस्तीवर न्यायचं ठरवलं, पण एकही टांगेवाला अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला तयार होईना. मग टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हातात घेतला. पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. लंडन आणि न्यूयॉर्क पालथं घातलेला माणूस चाळीसगावात एका घोड्याच्या टांग्यासाठी जायबंदी झाला.

हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलेत. आता ओवीतली मोटार डोळ्यापुढे आणा. बैलगाडीने जात विचारली, टांग्याने जात विचारली. आगगाडीने तिकीट विचारलं. मोटारीने पेट्रोल विचारलं. जात्यावरच्या बाईला हा फरक कुणी शिकवला नव्हता, तिला तो अंगावरच्या अनुभवातून माहीत होता. म्हणून तिने भीमरावाला बैलगाडीत बसवलं नाही, सरळ मोटारीत बसवलं. लोकसाहित्याचे अभ्यासक बैलगाडीच्या घुंगरांवर पानंच्या पानं लिहितात. त्या घुंगरांच्या गाडीत बसायची आपल्याला मुभा नव्हती, हे त्या पानांत कुठे येत नाही.

बाबासाहेबांचं यंत्राविषयीचं मत या बाईच्या मतापेक्षा वेगळं नव्हतं. गांधींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना नावं ठेवली. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा हिशेब मांडणारं पुस्तक बाबासाहेबांनी लिहिलं, त्यात गांधीवादावर एक वेगळं प्रकरण आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: जनावर पोट भरण्यात जन्म घालवतं. माणसाला विचार करायला, शिकायला, संस्कृती घडवायला फुरसत लागते. सगळ्यांना फुरसत द्यायची तर राबण्याचं काम यंत्राने केलं पाहिजे. यंत्राने नुकसान होत असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याचा फायदा मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे, तेव्हा ती रचना बदला. ज्यांच्याकडे आधीच नोकर-चाकर होते त्यांना साधं, यंत्राविना जगणं काव्यमय वाटणारच. त्यांचं यंत्र म्हणजे आपण होतो.

आता आगगाडीच्या गाण्याकडे. ग. दि. माडगूळकरांचं 'झुकझुक अगीनगाडी' मलाही आवडतं. बालवाडीत ते शिकले आणि आता वस्तीतल्या बालवाडीच्या पोरांना शिकवते. चालच अशी आहे की पोरं आपोआप रांग करून डबे होतात. पण गाण्यातली गाडी कुठे जाते? श्रीमंत मामाच्या गावाला. पोराचे लाड होणार, नवे कपडे मिळणार. आपल्या घरातली गाडी उलट दिशेने गेली. ती गावाकडून मुंबईला आली, गोदीत, गिरणीत, रेल्वेच्या कारखान्यात. मनमाड, भुसावळ, कुर्डुवाडी, दौंड या जंक्शनांच्या आसपास बौद्ध वस्त्या दिसतात त्याला कारण आहे. गावकीतून सुटायची पहिली वाट रुळावरून गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे लाखो लोक जमले त्यातले कितीतरी रेल्वेने गेले. आगगाडी हे माझ्या दृष्टीने बालगीतापेक्षा मुक्तिगीत आहे. आणि माझ्या आवडत्या गाण्यांत नागपूरला निघालेल्या गाडीवरची गाणी पहिल्या पाचात येतात.

टेलिफोनचं गाणं म्हटलं की घरातल्या मोठ्यांना एकच आठवतं, १९४९ च्या 'पतंगा'मधलं, रंगूनहून फोन येतो ते. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं, आणि शमशाद बेगमसोबत गायलेही तेच. मजेशीर गाणं आहे. नवरा-बायकोची ताटातूट तारेवरून बोलते. त्या काळात टेलिफोन किती घरांत होता हा प्रश्न मी इथे काढत नाही, गाणं तेवढ्यासाठी नाहीच. पण एक निरीक्षण नोंदवते. तंत्रज्ञानाची सिनेमातली गाणी बहुतेक प्रेमाची असतात, आपली हक्काची असतात. सिनेमातला फोन प्रियकराचा येतो. आपल्या गाण्यात सही, पेन, पुस्तक, मोटार येते ती बापाने मिळवून दिली म्हणून.

इथे कुणी म्हणेल, ताई, यंत्राचं एवढं कौतुक पुरे, यंत्रावर बसलेला माणूस जातीचाच असतो. बरोबर आहे. मी तिकडेच येते आहे, आणि हा भाग दादांच्या पोस्टपेक्षा महत्त्वाचा आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. त्या धाग्याला महाराची थुंकी लागली तर मराठा विणकर बाटणार! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना तो अवघड गेला. गिरणीवर किती पोवाडे, किती कामगारगीतं झाली. भोंगा आहे, चिमणीचा धूर आहे, मालकाची तिजोरी आहे. त्या धाग्यावरचं एकही गाणं मला अजून सापडलेलं नाही. अण्णाभाऊ साठे स्वतः गिरणीत राबलेले. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचा थाट गायला, तर अण्णाभाऊंनी आपल्या 'मुंबईची लावणी'त वर टेकडीवर राहणारे आणि खाली परळात राबणारे अशी सरळ दोन मुंबई समोरासमोर उभ्या केल्या. माझ्या यादीत ती लावणी फार वर आहे. पण धोटा राहिलाच.

रेल्वेचंही तेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की आपला माणूस जन्मभर गँगमन राहतो. त्याला हमाल म्हणूनही घेत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि घरात अस्पृश्य कसा चालेल? हे तेच भाषण, ज्यात त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हटले. इंजिन जात विचारत नाही. इंजिनाची नोकरी विचारते. जोतीराव फुल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. ते स्वतः सरकारी बांधकामांचे ठेकेदार होते, खात्याचा कारभार आतून पाहिलेला, आणि इंजिनिअर खात्यातल्या ब्राह्मण कामगारांच्या लबाडीवर त्यांनी पद्य रचलं. मराठीत तंत्रज्ञानाच्या खात्यावर, त्यातल्या भ्रष्टाचारावर आणि त्यातल्या जातीवर लिहिलेलं काव्य एकोणिसाव्या शतकातलं आहे, हे आपण कुणाला सांगत का नाही?

आणि माझ्या आजीची ती गिरणी. हात सुटला खरा, पण दळण टाकायला गेलं की गिरणीवाला आपल्या लोकांची पाटी बाजूला ठेवायचा. सगळ्यांचं झालं की शेवटी आपलं. पीठ वरून ओतणार. कुणाला वाटेल हे जुनं झालं. ऑक्टोबर २०१६ मध्ये उत्तराखंडच्या बागेश्वर जिल्ह्यात पिठाच्या गिरणीवर गेलेल्या दलित माणसाचा गळा चिरला गेला. नवरात्र होतं, गिरणी बाटली म्हणून. आरोपी कोण, तर शाळेतला मास्तर. म्हणजे जातं जाऊन गिरणी आली, पण उतरंड तीच राहिली. तरीही आजी परत जात्याकडे गेली नाही. ती पाटी घेऊन शेवटच्या नंबरला उभी राहिली आणि पुढे तिच्या पोराने गिरणीवाल्याला जाब विचारला. उतरंडीशी भांडायचं, यंत्राशी नाही, हा फरक अंगठा लावणाऱ्या बाईला कळत होता.

अमेरिकेतल्या काळ्या कामगारांचं जॉन हेन्रीचं गाणं प्रसिद्ध आहे. तो डोंगरात बोगदा खोदणारा मजूर. वाफेवर चालणारं ड्रिल यंत्र येतं, तो हातोडा घेऊन यंत्राशी शर्यत लावतो, जिंकतो आणि तिथेच मरतो. गाणं ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण प्रत्येक वेळी वाटतं, याला मरायची वेळ का यावी? हातोडा मारण्याचा मान कशाला हवा होता? उत्तर अर्थात पोटात आहे. यंत्र आलं की त्याची मजुरी जाणार होती. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर काय झालं, गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं, हे लालबाग-परळच्या बांधवांना विचारा. इथे नवी मुंबईत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत कंत्राटी पोरांना रोज तीच भीती असते. तेव्हा जॉन हेन्रीचं दुःख खोटं नाही. पण यंत्र थांबवा असं त्याचं उत्तर होऊ शकत नाही. मजुरी कुणाची गेली, नफा कुणाकडे गेला, हा प्रश्न गाण्यात आला पाहिजे. १९४५ चं ते प्रकरण पुन्हा वाचा, नेमकं हेच तिथे आहे.

तंत्रज्ञानाने आपली गाणी मारली म्हणणाऱ्यांसाठी आणखी थोडं. भीमराव कर्डकांचे जलसे पायी आणि रेल्वेने फिरत. वामनदादा कर्डक गावोगाव गात, आणि गाणी लोकांच्या तोंडावर राहत. मग १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली. पीटर मॅन्युएल नावाच्या संशोधकाने १९९३ मध्ये भारतातल्या कॅसेटवर पुस्तक लिहिलं. मोठ्या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी कॅसेटने कशी मोडली आणि ज्यांना कुणी स्टुडिओत उभं करत नव्हतं त्यांचा आवाज बाजारात कसा आला, ते त्यात आहे. आपल्याला ते पुस्तक न वाचताही माहीत होतं. प्रल्हाद शिंदेंचा आवाज टू-इन-वनवर प्रत्येक चाळीत पोचला तो कॅसेटमुळे. गाणं छापायला आता कुणाची परवानगी लागत नव्हती. आणि मोबाईल आला तेव्हा औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारी हातात घेऊन गायल्या, ते कुणीतरी फोनवर टिपलं, आणि महाराष्ट्रभर गेलं. ना निर्माता, ना स्टुडिओ. जातं गेलं म्हणून रडणाऱ्यांनी सांगावं, जात्याच्या काळात कडुबाईंचा आवाज तालुक्याबाहेर गेला असता का?

हेच तंत्रज्ञान जिवावरही बेतलं. मे २०१५ मध्ये शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. नर्सिंगचा विद्यार्थी. त्याच्या मोबाईलची रिंगटोन भीमगीताची होती आणि ती वाजली, हे निमित्त झालं असा आरोप होता. रिंगटोन! खिशातली अर्ध्या मिनिटाची धून. मंदिरात, बाजारात, बसमध्ये देवाच्या आरतीची रिंगटोन वाजते तेव्हा कुणाचं लक्षही जात नाही. रिंगटोन हे कदाचित जगातलं सगळ्यात छोटं तंत्रज्ञान-गीत असेल, आणि आपल्याकडे ते वाजवायला छाती लागते. दादा, आपली गाणी तंत्रज्ञानाने मारली नाहीत. गाण्यासाठी माणूस मारला गेला, आणि मारणारे हात होते.

एका बाबतीत मी माघार घेते असं नाही, पण थांबते. आम्ही राहतो ते बोनकोडे मूळचं आगरी गाव, खैरणे-कोपरखैरणेच्या मधोमध. १९७० मध्ये सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या, आणि खाडीकाठच्या शेतांवर सेक्टर उभे राहिले. आगरी लग्नात धवला गाणारी बाई असते, धवलारीण. तिच्याशिवाय लग्नाचे विधी पुढे सरकायचे नाहीत, आणि तिला मान होता, बिदागी होती. आता हळदीला रात्रभर डीजे लागतो आणि धवलारिणीला कोपऱ्यात खुर्ची मिळते, तीही मिळाली तर. इथे यंत्राने एका बाईचं काम आणि मान दोन्ही नेलं, हे मान्य करायला हवं. दळणं ही वेठ होती, धवला ही विद्या होती. वेठ गेल्याचं दुःख करायचं नाही, विद्या गेल्याचं जरूर करायचं. सगळं जुनं एकाच पाटीत घालून त्यावर रडणं, यालाच माझा विरोध आहे. (डीजेवर मला वेगळा लेख लिहायचा आहे. १४ एप्रिललाच डेसिबल मोजायची आठवण येणाऱ्यांवर आणि स्वतःच्या म्हाताऱ्यांच्या छातीवर बेस लावणाऱ्या आपल्या मंडळांवर, दोघांवर.)

आता ज्या गाण्याची मी वाट बघते त्याबद्दल.

रोज सकाळी शहराशहरांत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या श्याम बैरागींनी लिहिलेलं हिंदी गाणं तर देशभर गेलं. कचरागाडी या यंत्राने सुचवलेलं गाणं, लहान पोरं त्यावर नाचतात. ते नागरिकाला सांगतं, कचरा आणून टाक. आमच्याकडे स्वच्छतेच्या क्रमवारीत नवी मुंबई नेहमी वरच्या नंबरात, त्याचे फलक चौकाचौकात. पण या स्वच्छतेच्या गाण्यांत गाडीच्या मागे लोंबकळणारा माणूस कधी दिसतो का? आणि रस्त्याच्या खाली, झाकणाच्या आत उतरणारा?

कायदा १९९३ ला झाला, पुन्हा २०१३ ला झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केले. भरपाईचा आकडा वाढला, मरणं थांबली नाहीत. केरळच्या काही तरुण इंजिनिअरांनी 'बँडिकूट' नावाचं यंत्र बनवलं. २०१८ मध्ये ते तिरुवनंतपुरममध्ये मॅनहोलमध्ये उतरलं. यंत्र खाली, माणूस वर, हातात बटणं. म्हणजे तंत्रज्ञान आहे. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला आठ-दहा फूट खोल उतरणारं यंत्र अवघड नाही. ते प्रत्येक गल्लीत पोचत नाही कारण माणूस स्वस्त आहे, आणि तो माणूस कोणत्या जातीचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. जिथे यंत्राने वरच्यांचं काम हलकं होतं तिथे ते लगेच आलं. घरात वॉशिंग मशीन आलं, मिक्सर आला, बोलणारा स्पीकर आला. गटारात मात्र अजून परंपरा जपली जाते! जात्यासाठी रडणाऱ्यांना मला विचारायचं आहे, या परंपरेसाठीही एखादी पोस्ट येऊ द्या.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर मंत्री होते. वीज आणि पाणी त्यांच्याच खात्यात. जानेवारी १९४५ मध्ये कोलकात्यात दामोदर खोऱ्याच्या परिषदेत त्यांनी पूर अडवणं, वीज आणि सिंचन हे सगळं एकत्र हवं अशी मांडणी केली. देशाच्या वीज आणि जलनियोजनाच्या संस्थांचा पाया त्या काळातला. आपल्या गाण्यांत बाबासाहेबांचा कोट आहे, पेन आहे, मोटार आहे, संविधान आहे. त्यांची वीज कुठे आहे? त्यांचं धरण कुठे आहे? मी तरी ऐकलेलं नाही. ज्या शाहिराला नवा विषय सापडत नाही त्याच्यासाठी हा विषय ऐंशी वर्षं पडून आहे.

म्हणून यंदाच्या जयंतीच्या गीतस्पर्धेसाठी आम्ही वस्तीत विषय ठेवला आहे: यंत्र. मोटार, रेल्वे, वीज, मोबाईल, गटारात उतरायचं मशीन, काहीही चालेल. आतापर्यंत अकरा गाणी आली. त्यातली सात मोबाईलवर आहेत, आणि सातपैकी पाच ब्रेकअपची. (तरुण मुलं आहेत, चालायचंच.) एक गाणं मात्र सफाई खात्यात कंत्राटावर असलेल्या एका काकांनी दिलं. त्यांना लिहिता येतं थोडं, चाल त्यांनी तोंडीच सांगितली. गाण्यात ते यंत्रालाच बोलावतात, पाहुण्याला बोलवावं तसं, घरचा पत्ता सांगून. कुठल्या चौकातून वळायचं, कोणतं झाकण उघडायचं, आत वायू कुठे साठतो, सगळं क्रमाने. मी विचारलं, काका, एवढी माहिती गाण्यात कशाला? ते म्हणाले, 'ताई, ते नवीन आहे, त्याला रस्ता कोण सांगणार?'

गाणी १० एप्रिलपर्यंत घेत आहोत. कागदावर लिहून दिलं तरी चालेल, मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवलं तरी चालेल. वाद्य नसलं तरी अडचण नाही. बायांनी, विशेषतः साठीच्या पुढच्या आयांनी, संकोच न करता यावं. ज्यांना ओव्या येतात त्यांच्याकडून गिरणीवरची, मोटारीवरची एखादी ओवी आठवते का ते विचारून आम्हाला कळवा. आम्ही घरी येऊन रेकॉर्ड करू.

जय भीम.